कंपन्या कुठे भांडतात आणि कुठे भांडत नाहीत

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला. महिनाभरातच गूगलचा पहिला पिक्सेल फोन आला आणि त्याच्या जाहिरातीत, आमच्याकडे हा जॅक अजून आहे बरे का, असा चिमटा काढलेला होता. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पिक्सेल २ आला, तो जॅकविना. सॅमसंगने ही थट्टा आणखी काही काळ चालू ठेवली आणि २०१९ मध्ये गॅलेक्सी नोट १० मधून आपलाही जॅक काढून घेतला. चार्जरची कथा याहून वेगळी नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गायब झाला, तेव्हा आपल्या फोनसोबत चार्जर मिळतो हे सॅमसंगने समाजमाध्यमांवर मुद्दाम मिरवले. तीन महिन्यांनी गॅलेक्सी एस २१ चार्जरविना आला आणि आधीची ती मिरवणूक पानावरून हळूच उतरवण्यात आली.

हसून झाले की एक प्रश्न उरतो. कालपर्यंत ज्या गोष्टीची टिंगल चालली होती, ती प्रतिस्पर्ध्याने इतक्या चटकन का उचलावी? जॅक गेल्यावर बिनतारी इअरफोन खपू लागले. चार्जर गेल्यावर खोकी लहान झाली, वाहतुकीचा खर्च घटला आणि चार्जर वेगळा विकता येऊ लागला. एकाने केलेले धाडस ग्राहकांनी निमूटपणे सोसले, की बाकीच्यांसाठी ते धाडस राहत नाही, रिवाज होऊन बसतो. म्हणूनच हल्ली कोणता फोन सरस, या वादात मला फारशी गोडी वाटत नाही. कंपन्या कोणत्या मुद्द्यांवर एकमेकींशी भांडतात यापेक्षा कोणत्या मुद्द्यांवर त्या मुळीच भांडत नाहीत, हे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

भांडण खरे असते, याबद्दल शंका नसावी. ॲपलने २०११ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगवर नक्कल केल्याचा दावा लावला, २०१२ मध्ये ज्यूरीने एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले आणि २०१८ मध्ये तडजोडीने मिटले. पण या काळात आयफोनच्या पोटात काय होते, तेही पाहावे. ए४ पासून ए७ पर्यंतच्या ॲपलच्या चिप सॅमसंगच्याच कारखान्यांत तयार होत होत्या. खटला मिटण्याआधीच, २०१७ मध्ये, आयफोन एक्स आला आणि त्याचा ओएलईडी पडदाही सॅमसंगच्या घराण्यातल्या कंपनीने पुरवलेला होता. न्यायालयात एकमेकांना चोर ठरवणाऱ्या या दोघांचा मागच्या दाराचा व्यवहार एक दिवसही बंद पडला नाही.

गूगल आणि ॲपल यांचे नाते याहून गुंतागुंतीचे आहे. एरिक श्मिट गूगलचे मुख्याधिकारी असताना २००६ पासून ॲपलच्या संचालक मंडळावर होते आणि अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आल्यानंतर, २००९ मध्ये, ते तिथून बाहेर पडले. पुढे दोन्ही कंपन्यांच्या चाहत्यांनी एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढली. दरम्यान, ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून गूगल ॲपलला पैसे मोजत होती. गूगलवरील मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा उघड झाला: एकट्या २०२२ या वर्षासाठी सुमारे २० अब्ज डॉलर. आपला मोठा वैरी स्वतःचे शोधयंत्र काढत नाही, याचे गूगलला सुख आणि न काढण्याचे पैसे मिळतात, याचे ॲपलला सुख. तू मारल्यासारखे कर, मी रडल्यासारखे करतो, अशातला हा प्रकार. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये, गूगलने शोधयंत्राच्या बाजारातील मक्तेदारी बेकायदेशीर मार्गाने टिकवली असा निकाल दिला आणि त्या निकालाच्या केंद्रस्थानी असेच करार होते.

अळीमिळी गुपचिळीचा सर्वांत लाजिरवाणा नमुना मात्र ग्राहकांशी नव्हे, तर नोकरदारांशी संबंधित आहे. ॲपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांच्यासह काही कंपन्यांनी एकमेकींचे अभियंते फोडायचे नाहीत असे आपापसांत ठरवून घेतले होते. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१० मध्ये त्यावर बंदी आणली आणि अभियंत्यांनी लावलेल्या दाव्यात या चौघींना ४१.५ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. ज्या स्पर्धेचे गोडवे या कंपन्या व्यासपीठावरून गातात, ती पगारांच्या बाबतीत मात्र त्यांना नकोशी होती.

आता ग्राहकाकडे येतो. स्पर्धेचा खरा चटका त्याला बसतो तो दोन कंपन्यांच्या हद्दीवर. २०१५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या दुकानात ॲपल टीव्ही आणि गूगलचे क्रोमकास्ट ही टीव्हीला जोडायची उपकरणे विकणे थांबवले. त्याचे उट्टे म्हणून गूगलने पुढे ॲमेझॉनच्या उपकरणांवरून यूट्यूब काढून घेतले आणि ते ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर परत यायला जुलै २०१९ उजाडावे लागले. ज्याने पैसे मोजून यंत्र विकत घेतले होते, त्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. नकाशांचेही तसेच झाले. अँड्रॉइडच्या नकाशात बोलून रस्ता सांगण्याची सोय २००९ मध्येच आली होती. आयफोनवरील गूगलच्या नकाशात ती नव्हती. २०१२ मध्ये ॲपलने गूगलचा नकाशा हटवून स्वतःचा आणला, तो इतका कच्चा निघाला की टिम कुक यांना जाहीर माफीपत्र लिहावे लागले आणि आमचा नकाशा सुधारेपर्यंत दुसऱ्यांचे वापरा, असे सांगताना त्यात गूगलचेही नाव घ्यावे लागले. या प्रकरणात मात्र भांडणातून चांगले निघाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये गूगलचा नकाशा स्वतंत्र ॲप म्हणून बोलत्या मार्गदर्शनासह आयफोनवर आला, ॲपलचा नकाशाही यथावकाश सुधारला आणि वापरणाऱ्याच्या हाती दोन चांगले नकाशे पडले.

फरक कशामुळे पडला? नकाशा बदलायला एक ॲप काढून दुसरे घालावे लागते. फोन बदलायचा, तर बरेच काही मागे टाकून यावे लागते. मनगटावरच्या घड्याळाचेच घ्या. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनशी जोडता येत नाही. सॅमसंगची पूर्वीची घड्याळे आयफोनशी जोडता येत असत; २०२१ च्या गॅलेक्सी वॉच ४ पासून ती सोय गेली. गूगलच्या पिक्सेल वॉचला तर आयफोन चालतच नाही. तीन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी बांधलेली कुंपणे अगदी एका मापाची आहेत आणि घड्याळाच्या जाहिरातीत यावरून कोणीही कोणाला टोमणा मारत नाही.

कुंपण प्रत्यक्षात कसे असते, हे सामान हलवताना कळते. एका कंपनीच्या ढगातले (क्लाउडमधले) माझे सगळे फोटो मला दुसरीकडे न्यायचे होते. 'तुमचा विदा (डेटा) उतरवून घ्या' ही सोय होती, ती ठळक अक्षरांत लिहिलेलीही होती, त्यामुळे तक्रारीला वरवर जागा नव्हती. काही गठ्ठे उतरले. उघडून पाहतो तर प्रत्येक फोटोची तारीख, ठिकाण आणि त्याखाली लिहिलेली ओळ ही माहिती शेजारच्या एका वेगळ्या मजकूर-फाइलीत होती. घर बदलताना सामानाची खोकी सगळी मिळावीत, पण कोणत्या खोक्यात काय आहे त्या चिठ्ठ्या सोडवून वेगळ्या पोत्यात भरून द्याव्यात, तसे झाले. नव्या जागी चढवल्यावर बरेचसे फोटो उतरवल्याच्या दिवसाचे दिसू लागले. वीस वर्षांपूर्वीचे लग्न आणि परवाचे बारसे एकाच पानावर आले. चिठ्ठ्या पुन्हा चिकटवणारी छोटी साधने मिळतात, ती शोधून वापरता येतात, परंतु किती जण ती खटपट करतील? कंपनीने दार बंद केलेले नाही. उंबरा मात्र असा बांधला आहे की बहुतेकांनी तिथूनच मागे फिरावे.

या मंचावरील जाणत्या सभासदांचे यावर काय म्हणणे आहे, ते वाचायला आवडेल.

प्रतिसाद: थोडी असहमती

लेख आवडला, परंतु कुंपण या शब्दात आधीच निकाल दिल्यासारखे होते. घड्याळ, फोन, इअरफोन आणि संगणक एकाच कंपनीने बनवले की ते एकमेकांशी ज्या सहजतेने जुळतात, ती सहजता वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंत आणणे खरोखरच अवघड असते. कानातून काढताच गाणे थांबणे, एका यंत्रावर कापलेला मजकूर दुसऱ्यावर डकवता येणे, यासाठी यंत्रणेच्या तळापर्यंत हात घालावा लागतो आणि तो हात प्रत्येक परक्या कंपनीला घालू दिला तर सुरक्षिततेचे तीनतेरा वाजतील.

दुसरे असे की स्पर्धेने दिलेल्या गोष्टी लेखात फार थोड्या आल्या आहेत. अँड्रॉइड फोनला दोन-तीन वर्षे अद्यतने मिळाली तरी नशीब म्हणावे असा काळ फार जुना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले आणि पुढच्या जानेवारीत सॅमसंगने एस २४ साठी तेच जाहीर केले. हे कोणत्या कायद्याने झाले? हे निव्वळ चढाओढीने झाले.

धागाकर्त्याचे उत्तर

सात वर्षांचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या म्हणण्याला पूरकच आहे. लोक फोन अधिक काळ वापरू लागले, दरवर्षीच्या नव्या फोनमध्ये डोळ्यांत भरणारे काही उरले नाही, म्हणून आयुष्य हाच विकण्याचा मुद्दा झाला. आश्वासनाचा आकडा दुकानात शेजारी-शेजारी ठेवून ताडता येतो. जे ताडता येते त्यावर कंपन्या जरूर भांडतात. बाहेर पडताना किती त्रास होईल, याचा आकडा कोणत्याच खोक्यावर छापलेला नसतो, म्हणून तिथे स्पर्धाही नसते.

एकजिनसीपणाबद्दलही माझे भांडण नाही. माझे म्हणणे इतकेच, की जोडणी अडवण्याची कारणे नेहमीच तांत्रिक नसतात आणि हे मी अंदाजाने म्हणत नाही. आयमेसेज ही आपली संदेशसेवा अँड्रॉइडवर न्यावी काय, यावर ॲपलमध्ये २०१३ मध्ये चर्चा झाली होती. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर लावलेल्या खटल्यात तो पत्रव्यवहार उघड झाला. ॲपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी त्यात लिहिलेल्याचा आशय असा, की तसे केल्याने आयफोन वापरणाऱ्या घरांत मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देण्यातला एक अडथळा तेवढा दूर होईल. इथे सुरक्षितता नाही, तळापर्यंतचा हातही नाही. अडथळा आहे आणि तो राहावा, इतकेच आहे.

प्रतिसाद: मानके कधी जन्मतात

धाग्यात एक बाजू राहिली आहे असे वाटते. हेच प्रतिस्पर्धी अनेकदा एकत्र बसून सामाईक मानके बनवतात. यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये आले, ते इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा कंपन्यांच्या एकत्रित प्रयत्नांतून. त्याआधी संगणकाच्या पाठीमागे माउसला एक, कळफलकाला दुसरे आणि प्रिंटरला तिसरेच भोक असे. घरातल्या उपकरणांसाठीचे मॅटर हे मानक २०२२ मध्ये आले आणि ॲपल, गूगल, ॲमेझॉन व सॅमसंग या चौघांनी ते स्वीकारले. कोणी गुपचूप तुमच्या सामानात माग काढणारी चकती टाकली, तर फोन कोणत्याही बनावटीचा असला तरी इशारा मिळावा, ही सोयही ॲपल आणि गूगल यांनी मिळून २०२४ मध्ये आणली.

जिथे एकट्याने जिंकणे कोणालाच शक्य नाही किंवा जिथे बदनामीची भीती सगळ्यांना सारखी आहे, तिथे ही मंडळी एका टेबलाशी येतात. जिंकण्याची आशा शिल्लक असेल, तर येत नाहीत. व्हिडिओ कॅसेटच्या दोन पद्धतींचेच पाहा: सोनीचे बीटामॅक्स १९७५ चे आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ चे. पुढे दहा-बारा वर्षे हा झगडा चालला आणि १९८८ मध्ये सोनीलाच व्हीएचएसची यंत्रे बनवावी लागली. सोनीच्या ब्लू-रे तबकडीशी झगडणाऱ्या एचडी डीव्हीडीच्या बाबतीत तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये माघार घेतली. दोन्ही वेळा हरलेली कंपनी पुढे निघून गेली. हरलेल्या पद्धतीच्या कॅसेटी आणि तबकड्या ज्यांनी कपाटभर जमवल्या होत्या, त्यांच्याकडे त्या तशाच राहिल्या.

प्रतिसाद: कायद्याचे काय?

चार्जरच्या वायरीचा उल्लेख कोणीच कसा केला नाही, याचे आश्चर्य वाटते. यूएसबी-सी हे वायरीचे सामाईक टोक २०१४ मध्ये आले. ॲपलने ते २०१५ मध्ये मॅकबुकला दिले, २०१८ मध्ये आयपॅड प्रोला दिले आणि आयफोनला मात्र २०२३ पर्यंत लाइटनिंग या स्वतःच्या टोकावर ठेवले. तंत्रज्ञानाची अडचण असती, तर ती पहिल्या दोन ठिकाणीही आली असती. लाइटनिंगच्या वायरी व उपकरणे बनवणाऱ्यांना ॲपलचा परवाना घ्यावा लागत असे, हे लक्षात घेतले की उशिराचा उलगडा होतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये सामाईक चार्जरचा कायदा केला, तो नव्या फोनना २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आणि त्याच्या आधीच आयफोन १५ यूएसबी-सी घेऊन आला. जे काम चढाओढीने नऊ वर्षांत झाले नाही, ते कायद्याच्या तारखेने केले.

प्रतिसाद: कायद्याला घाई नको

वरील प्रतिसादाशी अंशतः सहमत. युरोपात २००९ मध्येही कंपन्यांनी सामाईक चार्जरसाठी समजुतीचा करार केला होता आणि तेव्हा मान्य झालेले टोक मायक्रो-यूएसबीचे होते. तो करार ऐच्छिक होता. त्याचा त्याच वेळी कडक कायदा झाला असता, तर अंधारात तीनदा उलटसुलट करून बसवावे लागणारे ते नाजूक टोक आपण आणखी किती वर्षे वापरले असते, कोण जाणे. मानक पिकण्याआधी तोडले तर हा धोका असतोच.

धागाकर्त्याचे उत्तर

हा आक्षेप वजनदार आहे. कायदा वेगवान नसतो आणि चुकीच्या टोकाला गाठ मारून ठेवण्याची भीती खरी आहे. तरीही एक भेद करावासा वाटतो. वस्तू कशी बनवावी हे कायद्याने सांगणे वेगळे आणि वस्तू सोडून जाणाऱ्याला अडवू नये एवढेच सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या कायद्याला कोणते टोक चांगले, हे ठरवावेच लागत नाही. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा हे त्याचे ठळक उदाहरण. मनोरे कसे बांधा, दर किती लावा, यांतले काहीही त्या नियमात नव्हते. ग्राहकाचा क्रमांक ही कंपनीची मालमत्ता नाही एवढेच त्याने ठरवले.

प्रतिसाद: सोडून जायचे आहे कोणाला?

चर्चा उद्बोधक आहे, पण ती थोड्या हौशी लोकांची आहे असे नम्रपणे सुचवतो. माझ्या परिचयातील बहुतेकांना फोन बदलला तरी कंपनी बदलायची नसते. चित्रे दिसतात, संदेश जातात, पैसे चुकते होतात, एवढ्यावर ते समाधानी असतात. ज्या दारातून कोणी जाणारच नाही, ते रुंद करण्यासाठी इतका आटापिटा कशाला?

धागाकर्त्याचे उत्तर

दार रुंद असण्याचा लाभ न जाणाऱ्यांनाही होतो. जाऊ शकणारा ग्राहक आणि अडकलेला ग्राहक या दोघांना कंपनी वेगळी वागणूक देते. ढगातली साठवण भरत आली की दरमहाचे शुल्क वाढवणारा निरोप येतो, तेव्हा ते शुल्क किती ठेवायचे याचा हिशेब कंपनी तुमच्या समाधानावरून करत नाही. सामान हलवायला तुम्हाला किती कष्ट पडतील, यावरून करते.

हे हौशी लोकांपुरते नाही, याचे ताजे उदाहरण म्हणजे पासकी. पासवर्डऐवजी फोनमधील बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने खाते उघडण्याच्या या पद्धतीला ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ मध्ये एकत्र पाठिंबा जाहीर केला. पद्धत चांगली आहे. खोट्या संकेतस्थळावर पासवर्ड टंकून फसण्याची सोयच ती ठेवत नाही. परंतु पासवर्ड कागदावर लिहून दुसऱ्या यंत्रात घालता येत होता, पासकी तशी उतरवून घेता येत नाही. सुरुवातीला ती ज्या कंपनीच्या तिजोरीत तयार होई तिथेच राहत असे. एका तिजोरीतून दुसरीत ती सुरक्षितपणे कशी न्यावी, याचा मसुदा फिडो अलायन्स या संस्थेने प्रसिद्ध केला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे आत शिरण्याचा रस्ता खुला झाल्यानंतर दोन वर्षांनी.

प्रतिसाद: एक व्यवहारी शंका

मग बाहेर पडण्याची ही सोय सगळीकडे होईपर्यंत पासकी वापरू नयेत असे तुमचे मत आहे का? बँकेच्या आणि ईमेलच्या खात्यांसाठी त्या घ्याव्यात की थांबावे?

धागाकर्त्याचे उत्तर

वापराव्यात. सुरक्षिततेचा लाभ मोठा आहे आणि तो आजच मिळतो. मी एका खात्यासाठी दोन वेगळ्या ठिकाणी पासकी करून ठेवतो: एक फोनमध्ये आणि एक त्या फोनच्या कंपनीशी संबंध नसलेल्या पासवर्ड-व्यवस्थापकात. बहुतेक सेवा एकाहून अधिक पासकी नोंदवू देतात. खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावर 'आणखी एक जोडा' असा पर्याय असतो. ईमेलच्या खात्याचे पुनर्प्राप्तीचे संकेतांक (रिकव्हरी कोड) छापून कागदपत्रांसोबत ठेवावेत, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांची किल्ली शेवटी तिथेच असते.